कोळसा पाडू, पण आपल्या मातीसाठी

(उतारावरच्या शेतीच्या शिबिरात शेतीगटानं केलेलं बोलणं इथे लिहून काढलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर बसून बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण दाव्यांच्या फायली चाळल्या. कोणाचा दावा वर अडकलाय, कोण चार एकर कसतो पण पट्टा वीस गुंठ्यांचाच हातात आलाय, कोणाला नामंजुरीचं कारणही कळवलेलं नाही, हे सगळं निघालं. ती लढाई चालूच राहणार आहे. आज सकाळी आम्हाला मातीबद्दल बोलायला सांगितलंय. ते पण गरजेचं आहे. कारण जमीन नावावर झाली आणि तिच्यात काही पिकलंच नाही, तर दिवाळी झाली की पोरं पुन्हा वीटभट्टीची उचल घेणार आणि प्लॉट ओसाड पडणार. मग कोणी तरी म्हणणार, बघा, यांना जमीन दिली तरी हे कसत नाहीत.

आम्ही शेतीगट म्हणजे कोणी मोठे शिकलेले नाही. चार पाड्यांतली आम्ही माणसं आहोत, बाया जास्त, बाप्ये कमी. तीन पावसाळे आम्ही आपापल्या प्लॉटवर एक गोष्ट करून बघितली. काही जमलं, काही फसलं. दोन्ही सांगणार आहोत.

ती गोष्ट आहे कोळसा. कोळशाचा चुरा शेणात मुरवायचा आणि मातीत घालायचा.

कोळसा म्हटल्यावर आमच्या कातकरी भावंडांचे चेहरे कसे झाले ते आम्ही बघितलं. बरोबर आहे. कात पाडायचे म्हणून कातकरी नाव पडलं. जंगलावर सरकारचा कायदा बसला, खैर तोडायला बंदी आली, कात गेला. मग ठेकेदाराची कोळशाची भट्टी नशिबी आली. दिवाळीनंतर उचल घ्यायची, पोराबाळांसकट परजिल्ह्यात जायचं, बाभळी तोडायच्या, भट्ट्या लावायच्या, धूर खायचा. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला, तरी ही उचल सुटली नाही. म्हणून पहिल्यांदा हे सांगतो: विकायला कोळसा पाडा, असं आम्ही सांगत नाही. आपल्याच काडीकचऱ्याचा, आपल्याच मातीत गाडायचा कोळसा, एवढंच आमचं बोलणं आहे.

पाऊस एवढा, तरी पीक का सुकतं?

आपल्या या डोंगरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देशावरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, तुम्हाला कसली पाण्याची चिंता? पण आपल्याला माहीत आहे. आपले प्लॉट उतारावर, माती लाल, हलकी, मुरमाड. वीतभर खणलं की खडक. पाऊस पडला की निम्मं पाणी माती घेऊन ओढ्याला जातं. मुरलेलं पाणीही माती धरून ठेवत नाही, खाली निघून जातं.

मग भादव्यात पंधरा दिवस उघडीप पडली की नागली माना टाकते. वरई फुलोऱ्यात असली तर दाणा पोचट राहतो. वाल लावला तर त्याला शेवटची ओल मिळत नाही. वाडीसाठी आंब्या-काजूची रोपं लावली, ती पहिल्या उन्हाळ्यात वाळून जातात. पावसाळ्यात चिखल आणि चैत्रात हंड्यासाठी मैलभर चाल, हे दोन्ही आपल्याच नशिबी आहे.

यावर पहिला उपाय बांधबंदिस्ती. उतार आडवा बांधायचा, दगडी ताली घालायच्या, पाणी अडवायचं. ते केल्याशिवाय पुढचं काही ऐकू नका. ज्या प्लॉटला बांध नाही त्या प्लॉटवर कोळसा घातला तर पहिल्या मोठ्या पावसात तो तरंगून ओढ्यात जातो. आमच्यातल्या एकीचा असाच गेला. बांध झाला की प्रश्न येतो, अडवलेली ओल मातीत जास्त दिवस कशी राहील? तिथे कोळसा कामाला येतो.

राब आपल्याला माहीत आहे

आग आणि शेती यांचा संबंध आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण पिढ्यान् पिढ्या राब भाजतो. शेण, पालापाचोळा, फांद्या, वर माती असे थर लावतो, वारा बघून पेटवतो, पावसाआधी त्याच जागेत नागलीचं किंवा भाताचं बी टाकतो. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, आवण जोमानं येतं.

या राबावरून आपल्या आज्या-पणज्यांनी भांडण केलंय. 1878 चा जंगल कायदा आल्यावर ठाणे-कुलाबा भागात राबाला फांद्या तोडायला अडवणूक सुरू झाली. लोकांनी एवढा ओरडा केला की मुंबई सरकारला 1885 साली फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. 1887 साली त्याचा अहवाल आला. त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. म्हणजे आज आपण जे बोलतोय ते सव्वाशे वर्षांहून जुनं भांडण आहे.

राब सोडा असं सांगायला आम्ही उभे नाही. आवणाच्या तुकड्याला राब चालू द्या. पण राबात काय होतं ते बघा. सगळं जळून राख होते. राखेतलं खत झाडाला लगेच मिळतं, पण राख पाणी धरत नाही आणि दोन पावसांत वाहून जाते. लाकूड-काडीतला जो मुख्य भाग तो धूर होऊन हवेत जातो.

तीच काडी पेटवली आणि राख होण्याआधी विस्तव मारला, तर कोळसा राहतो. कोळसा मातीत कुजत नाही. वाळवी खात नाही. जुन्या भट्टीची जागा नांगरताना आजही काळी निघते, हे तुम्ही बघितलंय. कोळशाचा तुकडा फोडून उजेडात धरा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं दिसतील. ती झाडाच्या पाणी वाहण्याच्या नळ्या आहेत. झाड गेलं तरी नळ्या राहिल्या. त्यांच्यात पाणी बसतं, शेणाचा रस बसतो, मातीतले बारीक जीव बसतात. हलक्या मातीत असा चुरा मिसळला की ओल थोडे दिवस जास्त टिकते आणि खत पावसाबरोबर लवकर धुपून जात नाही. शास्त्रज्ञ या कोळशाला बायोचार म्हणतात. आपण कोळसाच म्हणू.

हे ज्ञान कोण्या कंपनीचं नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनचं जंगल आहे. तिथली माती आपल्यासारखीच लाल, निकस, पावसानं धुतलेली. पण त्या जंगलात मध्ये मध्ये काळ्या सुपीक मातीचे पट्टे सापडतात. ती माती तिथल्या आदिवासींनी केलेली आहे. कोळसा, राख, मासळीचे काटे, हाडं, शेणघाण, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या असं सगळं त्यांच्या वस्तीत वर्षानुवर्षं मातीत पडत गेलं. त्यातले काही पट्टे दोन हजार वर्षं जुने आहेत आणि आजही तिथे पीक चांगलं येतं. बाहेरून आलेल्यांनी त्या लोकांना रोगानं आणि गुलामीनं संपवलं. त्यांनी केलेली माती मात्र राहिली.

आमचं काय फसलं, काय जमलं

पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. कोळसा पाडला, कुटला आणि तसाच कोरडा मातीत मिसळून नागली लावली. पंधरा दिवसांत त्या ओळी पिवळ्या पडल्या. शेजारची साधी नागली हिरवी, आमची कोळशाची पिवळी. सासवा हसल्या. म्हणाल्या, जमिनीला काळं फासलंत.

नंतर कळलं. कोरडा कोळसा भुकेला असतो. मातीत जे थोडंफार खत असतं ते तो आधी आपल्या भोकांत ओढून घेतो, झाडाला ठेवत नाही. म्हणून त्याला आधी खाऊ घालावं लागतं. शेणकाल्यात आणि गुरांच्या मुतात मुरवायचा, मगच शेतात न्यायचा.

दुसऱ्या वर्षी तसं केलं. प्रत्येकीनं चार ओळी कोळसा-शेणखताच्या, चार ओळी नुसत्या शेणखताच्या ठेवल्या, बाकी सगळं सारखं. वरच्या लाल मुरमाड प्लॉटवर फरक दिसला. उघडीप पडली तेव्हा नुसत्या शेणखताच्या ओळी दुपारी लवकर मलूल झाल्या, कोळशाच्या ओळी तीन-चार दिवस जास्त तग धरून राहिल्या. कणसं भरलेली दिसली. आम्ही काटा लावून तोललं नाही, म्हणून किती किलो वाढलं ते सांगत नाही. यंदा तोलणार आहोत.

पण खालच्या खाचरात, जिथे माती चिकण आणि काळपट आहे, तिथे काहीच फरक पडला नाही. चिकण माती आधीच पाणी धरते, तिला कोळशाची गरज नाही.

हे आमच्यापुरतंच नाही. जगभरात झालेल्या अशा प्रयोगांची शास्त्रज्ञांनी 2017 साली बेरीज केली. आपल्यासारख्या उष्ण देशांत, जिथे माती आंबट आणि निकस असते, तिथे पीक सरासरी 25 टक्के वाढलेलं दिसलं. थंड देशांतल्या चांगल्या जमिनीत काहीच वाढ दिसली नाही. सरासरी म्हणजे कुठे जास्त, कुठे शून्य. म्हणून कोणी येऊन सांगितलं की हे घाला आणि पीक दुप्पट होईल, तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक ध्यानात ठेवा. कोळशात आणि त्याच्याबरोबरच्या राखेत खार असतो. लाल आंबट मातीला तो मानवतो. पण जिथे जमीन चोपण आहे, उन्हाळ्यात वर पांढरी पापडी येते, तिथे घालू नका, नुकसान होईल.

कोळसा पाडायचा कसा

सगळ्यात सोपी रीत चुलीची. बायांनो, हे तुमच्यासाठी. रोज रात्री स्वयंपाक झाला की चुलीत निखारे उरतात आणि सकाळपर्यंत त्यांची राख होते. ते निखारे चिमट्यानं काढून जुन्या मडक्यात टाका आणि वर झाकण घट्ट बसवा. हवा नाही मिळाली की विस्तव मरतो, कोळसा राहतो. हे मडकं घराबाहेर ओट्यावर ठेवा. घरात, बंद खोलीत निखाऱ्यांचं मडकं किंवा शेगडी ठेवून झोपायचं नाही. त्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, दिसत नाही, आणि झोपेतच माणूस मरतो. हे घरातल्या पोरांनाही सांगा. होळीपासून मृगापर्यंत रोज पसाभर जमला तरी पोती भरतात. त्याला झाड लागत नाही, मजुरी लागत नाही, आणि कोणी गार्ड येऊन काही म्हणू शकत नाही.

दुसरी रीत खड्ड्याची. प्लॉटमध्येच, झाडांपासून आणि गवतापासून लांब, खड्डा खणायचा. वर तोंड चार फूट, तळ दोन फूट, खोली दोन फूट, बाजू तिरप्या. भोवती दहा फूट जागा झाडून साफ करायची. वारा असला तर त्या दिवशी काम करायचं नाही.

तुराट्या, कारवीच्या वाळलेल्या काठ्या, घाणेरीच्या काड्या, बांबूचे तुकडे असं सुकं साहित्य आधी सारख्या लांबीचं तोडून ढीग लावायचा. ओलं घेतलं तर धूर होतो आणि कोळसा नीट पडत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचं सगळ्यात चांगलं. तळाला थोड्या काड्या रचून वरून पेटवायच्या. वरून पेटवलं की ज्वाळा वर राहते आणि धूर त्या ज्वाळेतच जळून जातो. काड्या लाल होऊन त्यांच्यावर राखेची पांढरी साय धरायला लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. नवा थर हवा खातो, खालच्या थराला हवा मिळत नाही, म्हणून खालचा जळून राख होत नाही. असं थरावर थर टाकत खड्डा भरत आणायचा. दोन-तीन तासांचं काम आहे. दोघांनी तिथेच उभं राहायचं. पेटवून बिडी ओढायला गेलात तर परत आल्यावर राखच मिळेल.

शेवटचा थर पांढरा धरायला लागला की विझवायचं. पाणी असेल तर भरपूर पाणी. पण चैत्रात प्यायला पाणी नसतं, ते आगीवर कोण ओतणार? म्हणून आम्ही वीतभर जाडीची बारीक माती वरून दाबतो, कुठूनही धूर येत नाही असं बघतो आणि दोन दिवस उघडत नाही. उघडताना शेणपाण्याची एक बादली जवळ ठेवायची. आत विस्तव राहिला तर हवा लागताच पुन्हा पेटतो. रात्री तसाच सोडून घरी जायचं नाही.

चांगला कोळसा ओळखायचा कसा? हातात मोडला तर कडकन मोडतो, आवाज खणखणीत येतो. हात काळे झाले तर नुसत्या पाण्यानं धुतले जातात. हात चिकट, तेलकट झाले तर तो अर्धवट जळलेला आहे, तो चुलीत घाला.

कुटताना आधी ओला करायचा. कोरडा कुटला तर भुकटी छातीत जाते. भट्टीवर काम केलेल्या माणसांचा खोकला आपण ऐकलाय. नाका-तोंडाला फडकं बांधा, लहान पोरांना लांब ठेवा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा चुरा झाला की पुरे, पीठ करायची गरज नाही. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, टायर यातलं काही खड्ड्यात टाकायचं नाही, त्याचं विष मातीत उतरतं.

मग मुरवायचं. एक घमेलं चुऱ्याला दोन घमेली शेणखत, वरून शेणकाला आणि गुरांचं मूत, सगळं कालवून सावलीत ढीग करायचा. पाल्यानं झाकायचा. ढीग ओलसर राहिला पाहिजे, पाणी गळायला नको. आठवड्यातून एकदा वरखाली करायचा. तीन आठवडे ते महिनाभर असं ठेवलं की कोळसा भरला.

किती घालायचा, कुठे घालायचा

इथे हिशेब नीट ऐका, कारण चूक झाली तर जंगलाला भोगावं लागेल.

प्रयोगवाले हेक्टरी दहा टन घालतात. म्हणजे गुंठ्याला 100 किलो, एकराला 4 टन. खड्ड्यात 100 किलो सुक्या काडीतून कोळसा पडतो 20 ते 25 किलो. म्हणजे एका एकराला 16 ते 20 टन सुकी काडी लागेल. एवढी काडी आपल्या शेतात निघत नाही. ती आणायची तर रान बोडकं करावं लागेल. पाण्यासाठी म्हणून रान तोडलं तर झराच आटेल. असं करायचं नाही.

म्हणून अख्ख्या शेतात पसरायचा नाही. झाडाच्या मुळाशीच द्यायचा. भोपळा, काकडी, कारल्याच्या आळ्यात मुरवलेला कोळसा दोन-तीन ओंजळी. आंब्या-काजूच्या रोपाच्या खड्ड्यात मातीत मिसळून एक घमेलं. नागलीला रोपं लावायच्या ओळीत, कुदळीनं चर पाडून, वर माती ओढून. परसातल्या भाजीच्या वाफ्याला. दर वर्षी दोन-तीन गुंठे करायचे. घातलेला कोळसा कुजत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच तुकडा परत करावा लागत नाही, शेजारचा तुकडा करता येतो. दहा वर्षांत वरची पूर्ण पट्टी होईल. शेणखत मात्र दर वर्षी लागणारच. कोळसा म्हणजे भांडं आहे, त्यात वाढायचं जेवण शेणखत.

गुरांच्या तोंडचा पेंढा जाळायचा नाही. छपराचं गवत जाळायचं नाही. चुलीच्या सरपणाला बायांना जास्त चालावं लागेल असं काही करायचं नाही. जिवंत झाडाला हात लावायचा नाही. राना-बांधावर माजलेली घाणेरी, जिला काही जण टणटणी म्हणतात, ती काढली तर गवताला जागा होईल आणि कोळसाही होईल. कारवी फुलून वाळली की तिच्या काठ्या मिळतात. भातगिरणीवर तूस मिळाला तर त्याचाही चांगला कोळसा होतो.

कायदा काय म्हणतो

आता ज्याच्यासाठी आपण संघटना केली तिकडे येतो. मागच्या उन्हाळ्यात एका पाड्यावर खड्ड्याचा धूर दिसला म्हणून गार्ड आला. म्हणाला, तुम्ही जंगलात भट्टी लावली, केस करतो. खड्डा प्लॉटच्या मधोमध होता, आत तुराट्या होत्या. गावातल्या बाया जमल्या, ग्रामसभेचा ठराव दाखवला, पंचनामा करायचा तर आमच्यासमोर करा म्हणाल्या. तो परत गेला. ठराव नसता तर काय झालं असतं, विचार करा.

1927 चा भारतीय वन कायदा अजून आहे. त्याच्या कलम 26 मध्ये राखीव जंगलात जे करायला मनाई आहे त्याची यादी आहे. त्यात आग लावणं आहे आणि कोळसा पाडणंही आहे. म्हणून जंगलात खड्डा करायचा नाही. आपल्या कसवटीच्या प्लॉटमध्ये, शेतातल्या काडीचाच करायचा. आणि धूर काढून प्लॉटची हद्द पुढे सरकवायची नाही. एकानं असं केलं तर सगळ्यांच्या दाव्यांवर बोट येतं.

आपल्या बाजूनं 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम 2 मध्ये गौण वनोपज कशाला म्हणायचं ते लिहिलंय. त्यात बांबू आहे, झुडपांच्या काड्या आहेत, खुंटही आहेत. कलम 3 प्रमाणे गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकी हक्क आपला आहे. ज्या सामूहिक वनाचं आपण परंपरेनं रक्षण करत आलो त्याचं व्यवस्थापन करायचा हक्कही आपला आहे. म्हणून रानातली घाणेरी काढायची ती एकट्यानं उठून नाही. ग्रामसभेत ठरवायचं, कुठली, कधी, किती, आणि ठरावाच्या वहीत लिहायचं.

कलम 4 पण लक्षात ठेवा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला कब्जातून हटवता येत नाही. आणि 2008 च्या नियमांत नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात जमिनीवर केलेलं सपाटीकरण आणि बांध हेही पुरावे धरलेत. म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीचे जे जुने बांध, ताली आहेत त्यांची नोंद घ्या, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. आज पाडलेला कोळसा पुरावा होत नाही, तो पोटासाठी आहे. दोन्ही कामं वेगळी आहेत, दोन्ही करायची.

अजून एक. हवेतला धूर-वायू कोळसा होऊन मातीत गाडला जातो म्हणून मोठ्या कंपन्या आता त्याचे पैसे मोजायला लागल्यात. त्याला कार्बनचा व्यापार म्हणतात. उद्या कोणी गाडी घेऊन येईल, म्हणेल तुमच्या प्लॉटवर आम्ही कोळसा गाडतो, तुम्ही फक्त इथे अंगठा द्या. त्या कागदात जमीन किती वर्षं बांधली जाईल, तिथे काय पेरायचं हे कोण ठरवेल, जंगलातली काडी कोण नेईल, हे वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. कागद मराठीत मागा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. एकट्याच्या घरी बसून काही ठरवायचं नाही. उचल घेताना आपण एकेकटे असतो, म्हणूनच फसतो.

आता काय ठरवायचं

होळी जवळ आली आहे. पावसाला चार महिने आहेत. शिबिरातून परत जाताना प्रत्येक पाड्यानं एवढं ठरवावं असं आम्हाला वाटतं:

एक. ग्रामसभेत ठराव घ्यायचा. कोळसा फक्त आपल्या शेतासाठी, जिवंत झाड तोडायचं नाही, विकायचा नाही, जंगलात खड्डा नाही.

दोन. प्रत्येक घरात निखाऱ्यांचं मडकं आजपासून सुरू करायचं.

तीन. पाड्यावर एकच खड्डा, सगळ्यांनी मिळून, आम्ही येऊन दाखवू.

चार. चार ओळी कोळशाच्या, चार ओळी बिनकोळशाच्या. कणसं वेगळी कापायची, वेगळी तोलायची, वहीत लिहायची. पुढच्या शिबिरात वही घेऊन यायचं. फरक पडला नाही तर तेही लिहायचं.

पाच. ज्याच्या प्लॉटला बांध नाही त्याला आधी बांध. त्यासाठी सगळ्यांनी एक-एक दिवस द्यायचा, पूर्वी आपण आळीपाळीनं एकमेकांच्या लावणीला जात होतो तसं.

काल एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, कोळसा एवढी वर्षं टिकतो म्हणता, मग मला काय उपयोग, मी किती दिवसांची? आम्ही तिला उत्तर दिलं नाही, तिनंच पुढे दिलं. म्हणाली, माझ्या सासऱ्यानं लावलेल्या आंब्याचे आंबे मी खाते, घालते मी पण. ज्याला उद्या हुसकून लावतील अशी भीती आहे तो माणूस असं काम करत नाही, तो एका हंगामाचंच बघतो. आपल्याला शंभर वर्षं असंच एका हंगामाचं बघायला लावलं. आता नातवाचं बघून जमिनीत काही घालायचं आहे, म्हणून पट्टा पूर्ण क्षेत्राचा पाहिजे, आणि म्हणून उद्याच्या मोर्चालाही सगळ्यांनी यायचं आहे.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!

जोहार!